नाके मोजली, गुडघे राहिले

गेल्या दिवाळीत आम्ही घरात नवा सोफा घेतला. घेण्यापूर्वी मी सगळे रीतसर केले होते. बैठकीच्या खोलीची भिंत मोजली, दाराची चौकट मोजली, लिफ्टमध्ये तो उभा मावेल की आडवा हेही टेप लावून पाहिले आणि आकड्यांची चिठ्ठी खिशात घालून दुकानात गेलो. वसुबारसेच्या दिवशी सोफा आला. नातवंडांच्या त्यावर उड्या मारून झाल्या, उशांना नवे अभ्रे चढले, आणि मग सगळ्यांनी मिळून आईला मानाने त्यावर बसवले.

आई चौऱ्यांशी वर्षांची. ती बसली मात्र, तिचे पाय जमिनीपासून वर लोंबकळू लागले. पाठ टेकावी तर पाय आणखी वर जात. पाय टेकावेत तर पाठीमागे वीतभर पोकळी राही. पाच मिनिटे ती कशीबशी कडेवर बसली, "छान आहे हो," म्हणाली, आणि हात पुढे करून म्हणाली, "आता मला उठव." त्यानंतरच्या दिवसांत ती त्या सोफ्याकडे फिरकली नाही. लक्ष्मीपूजनाला तिला नमस्कार करायला आलेली माणसे बाहेर सोफ्यावर, आणि ती आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला, अशी आमची दिवाळी झाली.

भिंत मोजली होती, दार मोजले होते, लिफ्ट मोजली होती. आई मोजायची राहिली होती.

भाऊबीज झाल्यावर मी दुकानात गेलो. दुकानदार सज्जन होता. तक्रार ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, हे स्टँडर्ड माप आहे."

"कुणाचं?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "कुणाचं म्हणजे? सगळ्यांचं."

माझे भांडण दुकानदाराशी नाही. ते या 'सगळ्यांचं' या शब्दाशी आहे, आणि ते दिवाळीच्या अंकात मांडायचे कारण एवढेच, की या चार दिवसांत आपापली म्हातारी माणसे आपल्या डोळ्यांसमोर असतात. एरवी ती कुठे बसतात हे आपल्याला ठाऊकही नसते.

घरी आल्यावर मी धाकट्या नातीच्या शिवणाच्या डब्यातली फीत काढली आणि आईला खुर्चीवर बसवून तिच्यापुढे गुडघे टेकले. आई म्हणाली, "माझं माप घेतोयस? ते घ्यायला चौघे येतील की सावकाश." बायको आतून ओरडली, "अहो आई, सणासुदीचं काय हे अभद्र!" पण आईच्या बोलण्यातली खोच मला लागली. म्हाताऱ्या माणसाचे माप आपण एकदाच घेतो, आणि ते बांबूचे.

आकडे असे निघाले. तळव्यापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत साडेचौदा इंच. सोफ्याची बैठक जमिनीपासून अठरा इंच. पाठीपासून त्याच लवणीपर्यंत सतरा इंच. सोफ्याची खोली बावीस इंच. म्हणजे उंचीत साडेतीन इंचांचा आणि खोलीत पाच इंचांचा फरक. त्यातच सोफ्याचा पुढचा भाग फळीने जमिनीपर्यंत बंद. खुर्चीतून उठताना माणूस पाऊल गुडघ्याच्या मागे घेतो आणि पुढे झुकून भार पायांवर टाकतो. हे कुणी शिकवत नाही, शरीरच ते करते. पाऊल मागे घ्यायला जागाच नसेल तर तरणा माणूसही हिसका देऊन उठतो, आणि म्हातारा हात पुढे करतो. माझ्या आईला उठता येत नव्हते असे नाही. तिला उठू न देणारी वस्तू मी पैसे देऊन घरात आणली होती.

आता 'स्टँडर्ड' कसे ठरते ते पाहू. ल कॉर्ब्यूझिए हा गेल्या शतकातला थोर वास्तुशिल्पी. आपले चंडीगड त्याने रचले. घरे, दारे, कट्टे कोणत्या मापाचे असावेत यासाठी त्याने 'मॉड्युलॉर' नावाची मापपद्धती तयार केली. तिच्या मुळाशी एक काल्पनिक पुरुष आहे. आधी त्याची उंची १ मीटर ७५ सेंटिमीटर होती, पुढे ती १ मीटर ८३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट झाली. का? तर इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पुरुष, पोलीस वगैरे, नेहमी सहा फूट असतात! हे कारण त्याच्याच पुस्तकात नोंदलेले आहे. त्या सहा फुटी पोलिसात माझी पाच फुटांहून कमी उंचीची आई कुठे बसते? ती बसतच नाही; ती लोंबकळते.

कुणी म्हणेल, आपल्याकडे माणसे मोजण्याची पद्धतच नव्हती, त्याला काय करणार? हे खरे नाही. या देशात माणसे भरपूर मोजली गेली आहेत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाके मोजविली. नाक जितके अरुंद तितकी जात उच्च, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो आता कधीच मोडीत निघाला आहे. पॅरिसच्या पोलिसांत बर्टिलाँ या कारकुनाने १८८० च्या सुमारास डोके, हात, पाऊल यांची मापे घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी माणसांच्या मापांवर काम करता करता दोन गटांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र १९३६ साली मांडले, ते त्यांच्या नावाने आज जगभर चालते. आणि आपल्या इरावतीबाई कर्वे! बर्लिनला त्यांनी कवट्या मोजल्या, आणि वंशाभिमानी गुरूला हवा होता तो निष्कर्ष मापांतून निघत नाही असे दिसताच तसे स्पष्ट लिहिले. परत आल्यावर त्या महाराष्ट्रभर हिंडल्या, वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी सिद्ध केलेला महाराष्ट्रातील शरीरमापांचा ग्रंथ १९५१ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

महालनोबीस आणि इरावतीबाई यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण या साऱ्या मापांमागचा प्रश्न एकच होता : तू कोण? तुझी जात कोणती, वंश कोणता, तू चोर की साव? 'तुला बसायला केवढे लागेल?' हा प्रश्न कुणी विचारला नाही. नाके मोजली, गुडघे राहिले.

पुढे काळ बदलला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ १९९७ साली काढला, आणि परदेशी आकड्यांवर बाके-टेबले बेतणाऱ्यांना हाताशी देशी आकडे मिळाले. हे मोठेच काम झाले. मग २०१८ साली सरकारने आणखी मोठा संकल्प जाहीर केला. तयार कपड्यांसाठी भारतीय माणसाचे स्वतःचे माप असावे म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतल्या पंचवीस हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने, अंगाला हात न लावता घ्यायची असे ठरले. कल्पना उत्तम. पण वयोमर्यादा पाहा : १५ ते ६५. पासष्टाव्या वाढदिवसाला राष्ट्राची फीत गुंडाळून ठेवली जाते. त्यानंतर माणूस कपडे घालत नाही अशी समजूत असावी.

दुसरीकडे, आपल्या मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची मोठी पाहणी केली. तीत उंची, वजन, कंबरेचा आणि नितंबांचा घेर, इतकेच काय, मुठीची ताकदही मोजली. म्हणजे म्हाताऱ्यांच्या दारी जाऊन, त्यांना समजावून, त्यांची मापे घेणे अशक्य नाही हे सिद्ध झाले. पण ती पाहणी आरोग्याची होती. माणूस किती आजारी आहे हे तिने पाहिले; खुर्ची किती चुकली आहे हे पाहणे तिचे काम नव्हते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एवढ्या माणसांच्या पायांची लांबी खुर्ची बनवणाऱ्याच्या हिशेबात नसावी, याला विसरभोळेपणा म्हणून कसे चालेल?

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप शहाण्या माणसांचा असतो. ते म्हणतात, म्हातारी माणसे काय एकसारखी असतात? कुणी ताठ, कुणी वाकलेले. कुणाची कशी मापे घेणार आणि सरासरी तरी कशी काढणार? याला माझे उत्तर असे, की सरासरी काढूच नका. १९५० साली अमेरिकेच्या हवाई दलाने चार हजार त्रेसष्ट वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुणाने त्यांतली दहा मापे निवडून विचारले, या दहाही बाबतींत साधारण सरासरीच्या जवळ बसणारे किती? उत्तर आले : एकही नाही. निवडून घेतलेले, धडधाकट, तरुण वैमानिक. त्यांतही सरासरीचा माणूस सापडला नाही. तेव्हा हवाई दलाने वैमानिक बदलले नाहीत. बैठका मागेपुढे, वरखाली सरकतील अशा करायला लावल्या. आपल्या लुगड्याला हे तत्त्व शेकडो वर्षे ठाऊक आहे. नऊ वार कापड सोळाव्या वर्षीच्या कंबरेलाही बसते आणि चौऱ्यांशीव्या वर्षीच्याही. निऱ्या कमीजास्त केल्या की झाले.

जिथे वस्तू सरकवता येत नाही तिथेही साधा नियम आहे. शंभर माणसांना मापाप्रमाणे रांगेत उभे करा. हात पोहोचायला हवा अशी गोष्ट, म्हणजे फडताळ, कडी, बसमधली दांडी, रांगेतल्या बुटक्या पाचव्या माणसासाठी करा. अंग मावायला हवे अशी गोष्ट, म्हणजे दार, मार्गिका, न्हाणीघर, पंच्याण्णवाव्यासाठी करा. मधले नव्वद आपोआप सुखी होतात. फक्त त्या रांगेत म्हातारी माणसे उभी असायला हवीत. ती नसतील तर पाचवा माणूस भलताच निघतो.

आणि म्हातारे शरीर म्हणजे तरुण शरीराची छोटी प्रत नव्हे. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, पाठीला बाक येतो, माणूस खुजा होतो. पण मांडीची आणि नडगीची हाडे आखूड होत नाहीत. म्हणून तर वाकलेल्या माणसाची मूळची उंची अजमावायची असेल तेव्हा गुडघ्याची उंची मोजून हिशेब करतात. धड लहान आणि पाय तेवढेच, असे हे नवे प्रमाण. त्याला लहान मुलांची खुर्ची चालत नाही. बैठक फार उंच झाली तर पाय लोंबतात. फार खाली गेली तर गुडघ्यांवर सारा भार येऊन उठता येत नाही. ही कोंडी खरी आहे, आणि तिचा तोडगाही आहे : बैठक बेताची उंच, खोली कमी, पुढून खालची बाजू मोकळी आणि कोपराच्या उंचीला भक्कम हात. यात कोणतीही जादू नाही. चार आकडे हवेत, एवढेच.

दुसरा आक्षेप पैशांचा. "म्हाताऱ्यांसाठी वेगळं करायला परवडत नाही." वेगळे करा असे कोण म्हणते? अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे गृहस्थ होते. पत्नीच्या बोटांना संधिवात. सफरचंद सोलताना पातळ धातूचे सोलणे हातात धरवेना. बारीक दांडा धरायला मूठ जास्त आवळावी लागते, जाड आणि मऊ दांड्याला कमी. फार्बरांनी जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकघरातली हत्यारे करवून घेतली आणि १९९० साली 'ऑक्सो गुड ग्रिप्स' या नावाने बाजारात आणली. ती म्हाताऱ्यांनी घेतली, तरुणांनी घेतली, सगळ्यांनी घेतली. कारण ओल्या हाताने भाजी सोलणाऱ्या पंचविशीच्या मुलीलाही तीच मूठ बरी वाटते. म्हाताऱ्याला धरून केलेली वस्तू तरुणाला चालते. तरुणाला धरून केलेली म्हाताऱ्याला चालत नाही. व्यापाऱ्यानेच हिशेब करावा.

तिसरा आक्षेप माझ्या पिढीला फार आवडतो. "पूर्वी बघा! पाट, चौरंग, जमिनीवर मांडी. सुतार घरी येऊन माप घ्यायचा. चांभार कागदावर पाऊल आखून घ्यायचा. वीत, हात, अंगुळ, आमची मापंच मुळी शरीराची!" यातले सुतार-चांभाराचे मला मान्य आहे, ते माणूस पाहून वस्तू करीत, हा गुण आपण गमावला. पण जुने ते सगळे सोने नव्हते. आमच्या गावच्या वाड्याला पोटरीइतका उंच उंबरठा होता आणि माडीला शिडीसारखा उभा जिना, धरायला लोंबता दोर. आजी माडीवर शेवटची कधी गेली हे कुणालाच आठवत नव्हते. ती कित्येक वर्षे माजघरात होती आणि आम्ही म्हणत असू, "आजीचं मन देवात रमतं."

इथे मी चौथ्या आक्षेपाशी येतो, आणि खरे तर याच्यासाठीच हा लेख लिहिला. लोक म्हणतात, "पण म्हाताऱ्यांची काही तक्रार नसते. त्यांना कशाची हौसच उरलेली नसते."

आईला मोजून झाल्यावर मी तिच्या 'नको' शब्दाकडे लक्ष देऊ लागलो. भजनाला चलतेस का? नको. कारण भजनाला जायचे तर बस, आणि बसची पहिली पायरी तिच्या गुडघ्याला येते. भाचीकडे केळवणाला? नको. तिथले कमोड उंच, बाजूला धरायला काही नाही, आणि उठवायला कुणाला हाक मारायची याची लाज. एकदा एका नातेवाइकाकडे आम्ही दुपारभर होतो. तिने चहा नको म्हटले, सरबत नको म्हटले, पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरते घेतले. ऑक्टोबरचे ऊन होते. यजमानीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "काकूंचं खाणंपिणं किती मोजकं!" रात्री घरी आल्यावर आई दोन तांबे पाणी घटाघटा प्यायली. मी विचारले तेव्हा भिंतीकडे पाहत म्हणाली, "परक्या ठिकाणी जायची वेळ आली तर उठवेल कोण मला?"

वर्षानुवर्षे मी त्या 'नको'ला वैराग्य समजत होतो. चारचौघांत अभिमानाने सांगतही होतो. ते वैराग्य चार इंचांचे होते. कमोड चार इंच खाली असता, किंवा भिंतीला मूठभर जाडीची एक दांडी असती, तर माझी आई तहानलेली राहिली नसती.

आपल्या परंपरेने वानप्रस्थाला मोठे स्थान दिले आहे. पण वनात जायचे ते आपल्या पायांनी आणि आपल्या इच्छेने. पायरी उंच केली, कडी वर लावली, खुर्ची खोल केली आणि माणूस आतल्या खोलीत जाऊन बसला, तर त्याला आश्रमधर्म म्हणत नाहीत. पॅट्रिशिया मूर नावाच्या अमेरिकन डिझायनरबाईंनी १९७९ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हातारीचे सोंग घेतले. धूसर चष्मा, कानात बोळे, सांधे वाकू नयेत म्हणून पट्ट्या. असे तीन वर्षे त्या शंभरावर गावांतून हिंडल्या. त्यांना कळले ते कळायला आपल्याला सोंग घ्यायची गरज नाही. ज्याला आयुष्य आहे त्याला हे शरीर मिळणारच आहे. मी साठी ओलांडली आहे. त्या सोफ्यावरून उठताना हल्ली मीही एक हात टेकतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट सांगतो. सरकारने मापांच्या पाहणीतली पासष्टची भिंत पाडावी, आणि म्हाताऱ्यांना मोजताना खुर्ची, पायरी, दांडी यांना लागतील ती मापे घ्यावीत : बसल्यावर गुडघ्याची उंची, मांडीची लांबी, कोपराची उंची, हात किती वर जातो, मूठ किती आवळते. बस आणि कचेऱ्या बांधणाऱ्यांनी ते आकडे वापरावेत. आणि कारखानदाराने 'स्टँडर्ड' हा शब्द वापरला, की कुणाचे माप, हे सांगण्याची त्याच्यावर सक्ती असावी.

पण सरकारची वाट पाहत बसायला आपल्या आयांकडे वेळ नाही. म्हणून वाचकहो, एक काम तुमच्याकडे. या दिवाळीत फराळ झाला, दुपारची वामकुक्षी झाली, की घरातली फीत शोधा. आईला, वडिलांना, आत्याला, जे कुणी असेल त्यांना खुर्चीवर ताठ बसवा. तळव्यापासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत, पाठीपासून लवणीपर्यंत, आणि बैठकीपासून कोपरापर्यंत, अशी तीन मापे घ्या आणि कालनिर्णयाच्या पाठीमागे लिहून ठेवा. पुढची खुर्ची घ्यायला जाल तेव्हा भिंतीच्या मापाबरोबर हीही चिठ्ठी खिशात असू द्या. दुकानदार 'स्टँडर्ड' म्हणाला, तर 'कुणाचं?' एवढेच विचारा. शंभर जणांनी विचारले तर तो कारखान्याला विचारील.

आमच्या घरी पाडव्यानंतर सुतार आला. आईच्या मापाने त्याने सागाची एक साधी खुर्ची करून दिली : बैठक पंधरा इंच, खोली सोळा, खाली मोकळी, हात रुंद. दोन दिवस आई तिच्यावर बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो खुर्चीवर माझी बायको, आणि दाराशी काठी टेकून आई उभी.

"ऊठ गं," आई म्हणत होती. "माझी आहे ती. मापानं केलीय."